रझियाभाभींचा सूर्य

आमच्या समोरच्या दारातल्या रझियाभाभी मोमीन रागावल्या, की चष्मा काढून पदरानं पुसतात. यात विशेष ते काय, असं आपल्याला वाटेल. पण कसबा पेठेत मोमीनांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि काच पदरानं, सदऱ्यानं, रुमालानं पुसणाऱ्या गिऱ्हाइकांना भाभींनी जन्मभर झापलंय. "काच आहे ती, ताट नाही," हे त्यांचं वाक्य अर्ध्या पेठेला पाठ आहे. अशी बाई स्वतः पदर हातात घेते, तेव्हा शहाण्यानं उठून चपला शोधाव्यात.

त्या रविवारी कुणी चपला शोधल्या नाहीत. म्हणून ही हकीकत.

भाभींचं माहेरही कसब्यातलं आणि सासरही. लग्न झालं म्हणजे दोन गल्ल्या ओलांडल्या, एवढंच. गुलजारभाई पुढे बसून फ्रेमी दाखवायचे, भाभी मागे काचा घासायच्या. एकदा उरलेली भिंगं नळाच्या पाइपात बसवून त्यांनी दुर्बीण केली, तीतून चंद्रावरचे खड्डे दिसले आणि बाई कामातून गेली. "गिऱ्हाईक खाली उभं, नि मालकीण वर बघतेय," ही गुलजारभाईंची कायमची तक्रार; पण ती करताना त्यांच्या मिशा हसत. पुढे संसार विश्रांतवाडीला आमच्या सोसायटीत आला. दुकान कसब्यातच राहिलं आणि दुर्बीण आमच्या गच्चीवर आली.

चांद्रयान चंद्रावर उतरलं, त्या संध्याकाळी सोसायटीच्या टेबल टेनिसच्या खोलीत सगळ्यांनी मिळून टीव्ही पाहिला. पेढे झाले, डोळे पुसून झाले. लोकांचा उत्साह ओसरायच्या आत वरच्या मजल्यावरच्या अभयरावांनी अवकाश मंडळ काढलं. अभयराव निवृत्त अभियंते. माणूस हुशार, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली नाही तर ते स्वतः आणून देतात. मंडळात ते, भाभी, हातात कला असलेले बद्रीनाथ, बँकेतून निवृत्त झालेले रतनराव गायकवाड, आणि चहासाठी मी. दर रविवारी सकाळी आम्ही मंगळावर माणूस धाडावा की यंत्रंच बरी, यावर भांडायचो. अंतराळस्थानकात प्यायचं पाणी फिरून फिरून कुठून येतं, ते रतनरावांनी समजावलं त्या दिवशी मी चहा सोडणार होतो. पण तो फुकट होता.

खरे ग्रह भांडून संपले, तेव्हा आम्ही आपला एक ग्रह काढला. त्याचं नाव उंबरा. तो आपल्या सूर्याच्या इतका जवळ, की त्याची एकच बाजू कायम सूर्याकडे. तिकडे सदा भाजणारा दिवस, पलीकडे सदा गोठलेली रात्र, आणि दोन्हींच्या मध्ये संधिप्रकाशाचा एक अरुंद पट्टा. माणूस जगलाच तर त्या पट्ट्यात.

कामं वाटली. डोंगरदऱ्या बद्रीनाथांच्या, वारे रतनरावांचे, माणसांची वसाहत अभयरावांची, सूर्य भाभींचा. त्यांनी लाल बटू तारा निवडला, आकारानं लहान आणि स्वभावानं तापट. मी एक प्राणी काढला, चोंबडा नावाचा. तो इकडच्या बातम्या तिकडे नेतो आणि त्यावरच जगतो. बद्रीनाथांनी कागदाच्या लगद्याचा मोठा गोल करून रंगवला.

आणि एक नियम झाला, तोही अभयरावांचाच. बद्रीनाथांनी न विचारता डोंगरावर पाऊस पाडला म्हणून त्यांच्यात नि रतनरावांत आठवडाभर अबोला होता, त्यानंतर झालेला. ज्यानं जे काढलं, त्यावर त्याचाच शब्द शेवटचा. बाकीच्यांनी सुचवायचं, ढवळाढवळ करायची नाही.

यंदा हिवाळ्यात भाभींचे रविवार चुकायला लागले. मुलगी अलफिया हिचं लग्न झालेलं, नोकरी खराडीला, आणि तिला नि नवऱ्याला, फैजला, भाड्यानं घर हवं होतं. घरं काय, पुण्यात ढिगानं आहेत. फोनवर एजंट दोन बेडरूम, पार्किंग, चोवीस तास पाणी असं सगळं गात असतो. मग नाव विचारतो. मग म्हणतो, मालकांना विचारून सांगतो. एका ठिकाणी तर "आत्ताच गेला हो फ्लॅट" असं सांगणारा माणूस भाड्याच्या पाटीखालीच उभा होता. भाभी घरी येऊन मला हे सांगायच्या तेव्हा आवाज चढवायच्या नाहीत. मीच शिव्या द्यायचो, त्या चहा द्यायच्या.

अभयरावांचा धानोरीला एक फ्लॅट रिकामा पडून आहे, हे साऱ्या सोसायटीला ठाऊक. शेवटी भाभींनी त्यांना विचारलं. अभयराव कळवळले. त्यांची स्वतःची काडीचीही हरकत नव्हती म्हणे. पण फ्लॅट पत्नीच्या नावावर, आणि दुर्गाबाईंचं देवाधर्माचं फार. शिवाय तिथल्या सोसायटीचे नियम. काय करणार! भाभींनी उलट त्यांचीच समजूत घातली. घरात वाद नकोत, म्हणाल्या.

यानंतरच्या रविवारी भाभी बऱ्याच दिवसांनी मंडळात आल्या. विज्ञान दिन तोंडावर आला होता, जवळच्या शाळेच्या प्रदर्शनात उंबरा ठेवायचं ठरलं होतं. अभयरावांनी टेबलावर वसाहतीचा नकाशा पसरला. रंगीत, सुबक, मोजून मापून केलेला. उजेडाकडच्या उबदार कडेला हिरव्या रंगात लिहिलं होतं, समान आहार-विहार वसाहत. अंधाराकडच्या गार कडेला तपकिरी रंगात, मिश्र वसाहत. मध्ये मोकळा पट्टा आणि त्याला एक फाटक.

"कुणाला कुणाचा त्रास नको," अभयराव म्हणाले. "स्वयंपाकाचे वास असतात, सवयी असतात. भेदभाव नाही हं. नियोजन आहे."

रतनरावांनी नकाशा आपल्याकडे ओढला. "अभयराव, उंबऱ्यावर वारा थंडीकडून उष्णतेकडे वाहतो. मिश्र वसाहतीतलं मटण शिजलं, की वास थेट तुमच्याच हॉलमध्ये."

अभयरावांनी नकाशा परत ओढला. "मग वाऱ्याची दिशा तेवढी बदला ना."

"वारा माझा आहे," रतनराव म्हणाले. "आणि मी कुठे राहतो यात?"

"तुम्ही काय हो, तुम्ही आपल्यातलेच."

"हे मला नोकरीभर सांगत आले लोक. खरंच असतो, तर सांगावं लागलं नसतं."

बद्रीनाथ गोलाचा डोंगर खरवडत बसले. गोलावर बसवलेल्या फाटकाला रंग त्यांनीच दिला होता. भाभींनी चष्मा काढला. पदर हातात घेतला. मी तो पाहिला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"फाटक कशाला?" त्यांनी विचारलं.

"अहो भाभी, खेळ आहे हा. मनाला काय लावून घेता?"

"खेळ आहे म्हणूनच विचारते." त्या काच पुसतच होत्या. "धानोरीला सोसायटीचे नियम आडवे आले. दुर्गाताईंचे देव आडवे आले. मी मान्य केलं. पण इथे ना सोसायटी, ना शेजारी, ना देव. अख्खा ग्रह रिकामा होता, अभयराव. तुम्हाला अडवायला कोणी नव्हतं. आणि तुम्ही पहिल्यांदा काय बांधलंत, तर फाटक."

अभयरावांचे कान लाल झाले. मग त्यांनी तेच केलं, जे असे लोक करतात. नियम काढला. वसाहत माझी आहे, माझा शब्द शेवटचा, आपण सुचवू शकता.

"बरोबर," भाभी म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग लिहून घ्या. उंबऱ्याच्या सूर्याला आज सकाळी झटका आला. लाल बटू ताऱ्यांना येतो, आपणच मागं वाचून दाखवलं होतंत. ज्वाळा निघाली, ग्रहाचं वातावरण सोलून गेलं. समान आहाराचे गेले, मिश्र गेले. फाटक तेवढं उभं असेल."

"असं कसं? प्रदर्शन आलंय तोंडावर. दोन वर्षांचं काम आहे."

"सूर्य माझा आहे. शब्द शेवटचा. नियम आपलाच." आणि त्या उठून गेल्या.

चोंबडा मात्र वाचला. त्याला हवा लागत नाही, बातमी लागते. दुसऱ्या दिवशी मी विरजण मागायच्या निमित्तानं वरच्या मजल्यावर गेलो. दुर्गाबाई मेथी निवडत होत्या. मी आपलं सहज विचारलं, की तुमचे देव इतके कडक कधीपासून झाले. आधी त्यांना कळेना. मग धानोरीची गोष्ट मी सांगितली, अगदी मीठमसाला न घालता, गरजच नव्हती. दुर्गाबाई ऐकत राहिल्या आणि काड्या पानांत नि पानं काड्यांत टाकत राहिल्या.

"मला विचारलंय कुणी?" त्या म्हणाल्या. "ह्यांना नको होतं, ते माझ्या देवांच्या तोंडी घातलं. देवाला वॉचमन केला माझ्या."

विरजण मिळालं नाही. त्या आठवडाभर वरून भांड्यांचे आवाज मात्र आले, आणि अभयराव दोनदा मिसळ खाताना दिसले. बाहेर.

पुढच्या रविवारी मंडळ जमलं, ते अभयरावांनी गयावया करून जमवलेलं. भाभीही आल्या, रतनराव त्यांना घेऊन आले म्हणून. चर्चा सुरू व्हायच्या आत दार उघडलं आणि दुर्गाबाई आत आल्या. मंडळात पहिल्यांदाच. नवऱ्याकडे न बघता त्यांनी किल्ली टेबलावर, गोलाशेजारी ठेवली.

"रझियाताई, मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घाला, एवढंच म्हणाले असते. सोसायटी काही बोलली, तर फ्लॅट माझ्या नावावर आहे. मी येईन भांडायला."

आता मिठ्या, डोळ्यांत पाणी वगैरे होईल, असं मला वाटलं. कसलं काय. भाभींचा चेहरा तसाच. त्यांनी किल्ली उचलली, पर्समध्ये टाकली.

"अलफियाला घर हवंय, म्हणून घेते," त्या म्हणाल्या. "तुमचे उपकार मानते, दुर्गाताई. पण माझा राग गेलेला नाही."

"माझाही नाही," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि भाभींच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

अभयरावांना वाटलं, मिटलं. ते पुढे झुकले. "मग आता तो सूर्य... म्हणजे थोडा सौम्य झटका म्हणता येईल का?"

"किल्ली दुर्गाताईंची होती, त्यांनी दिली. सूर्य माझा आहे."

प्रदर्शनात उंबरा मेलेलाच गेला. बद्रीनाथांनी गोलाला कोळशासारखा रंग दिला, फाटक तेवढं पांढरं ठेवलं. ते न बोलता असंच माफी मागतात. ग्रह कसा नष्ट झाला, ही माहिती द्यायचं काम अभयरावांकडे आलं, कारण त्यांच्याइतकं छान दुसरं कुणी बोलत नाही. शाळेतल्या एक बाई मुलांना घेऊन आल्या. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "आणि सर, या फाटकाच्या आत कोण राहायचं?"

अभयरावांनी भाभींकडे पाहिलं. भाभी टेबलामागे उभ्या होत्या, हातात चष्मा, बोटांत पदर.

"सांगा ना," त्या म्हणाल्या. "वसाहत तुमची. शब्द तुमचा शेवटचा."