सरांचा स्फोट

माझ्या नवऱ्याने जव्हारमध्ये अणुस्फोटांचं संग्रहालय काढलं होतं, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसण्यासारखंच होतं ते. पहिलं वर्षभर मीही हसले.

त्याचं नाव उमेश. हायस्कूलात विज्ञान शिकवायचा. गाव 'सर' म्हणायचं, म्हणून घरातही तो सरच झाला होता. आमटीत मीठ कमी पडलं तरी खडू हातात असल्यासारखा बोलायचा. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. मनात तो कधीच 'तो' झाला. इथे मनातलंच लिहिते.

तो मूळचा वावर गावातल्या पाड्याचा. उतारावरची भातखाचरं, वरच्या अंगाला नागली, आणि कुडाच्या घरात आईबाप, भाऊ पोश्या. आश्रमशाळेत शिकला, नाशिकला जाऊन बी.एस्सी. झाला. पाड्यावरचा पहिला पदवीधर. त्याचं मला तेव्हा कौतुक होतं, खोटं कशाला बोलू? मी जव्हारची. वडील कचेरीत कारकून. नर्सिंगचा कोर्स करून मी मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या पुढे एका उपकेंद्रात लागले होते. दोघं नोकरीवाले, म्हणून जोडी चांगली दिसली. लग्न झालं.

मग ब्याण्णव साल आलं. वावर-वांगणीत पोरं भुकेने दगावू लागली. पावसाळा संपेपर्यंत जीपगाड्यांची रांग लागली: पत्रकार, मंत्री, साहेब, त्यांचे साहेब. मी वजनकाटा आणि पाळणा घेऊन पाडे फिरत होते. एकेक पोर पाळण्यात घातलं की काट्याची सुई हलायलाच तयार नसायची. त्याच दिवसांत पोश्याची धाकटी गेली. आम्ही दोघं वावरला गेलो. पोश्या ओट्यावर बसला होता. "दादा आला, बरा झाला," एवढंच म्हणाला. सर अंगणाच्या कडेला उभा राहिला, रुमालाने बूट पुसला आणि जेवणाआधी परत निघाला. का, तर दुसऱ्या दिवशी ठाण्याला शिक्षकांचं शिबिर होतं.

शिबिरात कोणीतरी त्याला विचारलं, "वावरचे का तुम्ही? ती पोरं मेली तेच ना?"

"नाही हो. मी जव्हारचा," हा म्हणाला.

हे त्यानेच घरी येऊन मला सांगितलं, आपण प्रसंग कसा शिताफीने निभावला अशा थाटात. त्या संध्याकाळी तो माझ्या मनातून उतरला. पुढे काही वर्षं मी रोज डबा भरून दिला, कपडे इस्त्री केले, मुलीला वाढवलं. मनातून उतरलेल्या माणसाबरोबर संसार करता येतो, फक्त ऐकावं थोडं कमी लागतं.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात पोखरणला स्फोट झाले. रेडिओवर बातमी लागली तेव्हा सर बनियनवर होता. तसाच बाजारात गेला, पेढे घेऊन आला आणि गल्लीत वाटत सुटला. जणू भोकं त्यानेच पाडली होती. रात्री जेवताना म्हणाला, "आता बघ. आता बाहेर कोणी आपल्याला भुकेकंगाल म्हणणार नाही."

"आपल्याला म्हणजे कोणाला? जव्हारवाल्यांना की वावरवाल्यांना?" मी विचारलं.

त्याने ताट सरकवलं.

तिथून खूळ सुरू झालं. गावात एक पुढारी होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. बाजाराच्या मागे त्यांचं भाताचं गोदाम रिकामं पडलं होतं. सरने ते मागून घेतलं. वर्षभर शाळेतल्या मुलांकडून थर्माकोल कापून घेतला, वर्तमानपत्रातले फोटो पुठ्ठ्यावर डकवले आणि पोखरणच्या वाढदिवसाला, नव्व्याण्णवच्या मे महिन्यात, पाटी लावली: 'अणुगौरव संग्रहालय, जव्हार'. भाऊंनी फीत कापली. भाषणात त्यांनी 'अणू'चा उच्चार सगळीकडे 'अनु' केला, त्यामुळे मागे बसलेल्या बायकांना ही अनू नावाची कोणी मुलगी बोर्डात पहिली आली असावी असं वाटत राहिलं.

आत काय होतं? दारातच नदीची वाळू एका मोठ्या परातीत ओतून तिच्यात पाच खळगे केले होते. ते पोखरण. त्यापुढे अमेरिकेचं वाळवंट, रशियाचं गवताळ रान, आणि निळ्या रंगाने रंगवलेल्या समुद्रात पुठ्ठ्याची बेटं. त्या बेटांवर बॉम्ब फोडायचे म्हणून तिथल्या माणसांना आधी उठवून दुसरीकडे नेलं होतं, हे सर एका वाक्यात सांगायचा आणि पट्टी पुढच्या चित्राकडे न्यायचा. हिरोशिमाचा फोटो दाराआड होता. आधी समोर होता, पण तो पाहून सातवीतली एक मुलगी रडायला लागली आणि सगळ्या सहलीचा रंग गेला, म्हणून हलवला. आणि मधोमध सरचा मानाचा गणपती, कापसाचा ढग. माणसाच्या उंचीचा, छत्रीसारखा फुललेला, पोटात लाल बल्ब. वीज असली की तो ढग लाजल्यासारखा लाल व्हायचा. आमच्याकडे वीज बहुधा नसायची.

शाळांच्या रांगा येत. शिवाजी महाराजांच्या मुक्कामाचा शिरपामाळ पाहायला आलेल्या पाहुण्यांना सर एसटी स्टँडवर गाठून घेऊन येई. ती माणसं घाटातून गाडी लागलेली, चहा शोधत असलेली. ती बिचारी पाच खळग्यांसमोर उभी राहून माना डोलवत.

एकदा माझ्या उपकेंद्राच्या हद्दीतल्या मोहपाड्याची फागी बाजाराला आली होती. पाड्यावर बाळंतपणाला मला हीच हाताशी लागायची. वयाने माझ्यापेक्षा मोठी, तोंडाने फटकळ. तिला मी आत नेलं. तिने ढगाभोवती एक फेरी मारली, हात लावून पाहिला आणि खदखदून हसली. "सावरीचा बोंड फुटला जसा! यासाठी एवढा घर अडवला?"

सर म्हणाला, "बाई, यात लाखो माणसं जाळायची ताकद आहे."

"मंग कशाला घरात ठेवला?" फागी म्हणाली आणि कांदेबटाटे घ्यायला निघून गेली.

सरला वाईट वाटलं ते फागी हसल्याचं नाही. त्या आठवड्यात कोणीच विशेष आलं नव्हतं, याचं. नव्याची नवलाई संपली होती. भाऊही आता गोदाम परत मागण्याच्या गोष्टी करू लागले होते. मग त्याच्या डोक्यात आलं, की पोखरणच्या दुसऱ्या वर्धापनदिनाला प्रात्यक्षिक करायचं. जमिनीखालचा स्फोट. विहिरी खोदणाऱ्या चंद्राला गाठायचं, खडकात भोक पाडायचं, जिलेटीनच्या कांड्या भरायच्या, वरून ठासायचं आणि पाहुण्यांसमोर उडवायचं. जव्हारमध्ये कोणी परवानगी देईना. भाऊंना निवडणुकीच्या दृष्टीने मोखाड्याकडे काहीतरी करायचंच होतं. त्यांनी जागा सुचवली ती मोहपाड्याच्या वरचा कातळ. मोठा, सपाट, मांडव घालायला सोयीचा.

मी घरी ऐकलं आणि हातातलं काम टाकून बाहेर आले. "त्या कातळाच्या पोटातूनच पाड्याचा झरा निघतो. मे महिन्यात दुसरं पाणी नाही त्यांना."

"तुला भूगर्भशास्त्र कळतं?"

"मला तो झरा माहीत आहे. मी तिथलं पाणी पिते."

"झरा खाली आहे, स्फोट वर आहे," सर म्हणाला. "ऊर्जा वरच्या दिशेने जाते." मग मुलीकडे वळून म्हणाला, "तुझ्या आईला प्रत्येक चांगल्या गोष्टीत रोगच दिसतो."

त्याच पोखरणजवळच्या गावात घरांच्या भिंतींना तडे गेल्याचं कात्रण त्याने स्वतः कापून ठेवलं होतं. भिंतीवर मात्र लावलं नव्हतं. जागा नव्हती म्हणे.

कार्यक्रम झाला. मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर, बर्फाचं सरबत. बर्फ आणि पाणी जव्हारहून टेंपोने आणलं होतं. मोहपाड्याची माणसं उन्हात कडेला बसवली होती. सरने कोट घातला होता, मे महिन्यात. माइकवर उलटे आकडे म्हटले, चंद्राने वात पेटवली, आणि धडाम. पायाखाली कातळ हलला. धूळ उडाली, दगड उडाले, एक कुत्रं ओरडत दरीकडे पळालं. टाळ्या झाल्या. सर रडत होता. खरंच रडत होता, गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. लग्नाचा दिवस सोडला तर मी त्याला इतका सुखी पाहिलेला नाही. क्षणभर मला त्याची दया आली. ती फार टिकली नाही.

दोन-तीन दिवसांनी मोहपाड्याहून निरोप आला. फागीची सून सुकी अडली होती. मी पोचले तेव्हा पोरीच्या कळा वाढलेल्या. चुलीवर टोप होता, पण कोरडा.

"फागे, पाणी तापव," मी म्हटलं.

फागी दारात उभी राहिली. हलली नाही.

"पानी कुठला? झरा गेला. तू माझा पानी तुझ्या नवऱ्याला मांग."

तिने मग हळू आवाजात सांगितलं, स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी झरा करंगळीएवढा झाला, नंतर थेंब थेंब, आता ओल तेवढी. बायका दरीत उतरून नदीच्या डोहातून पाणी आणत होत्या. सकाळी गेलेल्या अजून वर यायच्या होत्या. सुकीसुद्धा कालपर्यंत हंडा घेऊन जात होती.

माझ्या पिशवीत प्यायच्या पाण्याची बाटली होती. तेवढ्यावर मी हात धुतले, ब्लेड धुतलं. पोरगी झाली, बारीक, पण रडली. तिला कोरड्याच फडक्याने पुसलं. सुकी पाणी मागत होती, आणि बाटलीत जे बुडाशी उरलं होतं ते मी तिला पाजलं. दुपारी बायका हंडे घेऊन वर आल्या. नळातल्या पाण्याला सवकलेल्या माझ्यासारखीला ते गढूळ पाणी बघून रडू आलं. फागीने ते आधी मला देऊ केलं. मी नाही म्हटलं.

घरी येऊन मी सरला सगळं सांगितलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. आतल्या पानावर त्याचा कोटातला फोटो आला होता.

"योगायोग," तो म्हणाला. "मे महिन्यात झरे आटतातच."

"तो आटत नव्हता. चला, बघून या एकदा."

"मी जाऊन काय करू? मी काय पाणी पाडणार आहे?"

"पाणी नका पाडू. नुसतं त्यांच्यासमोर उभे राहा."

तो गेला नाही. मग त्याच आल्या. फागी पुढे, मागे पाड्यावरच्या बायका, डोक्यावर रिकामे हंडे. एसटीने जव्हारला उतरल्या आणि सरळ संग्रहालयात शिरल्या. मी त्यांच्याबरोबर होते. रजा टाकली होती. सरने एवढी गर्दी पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने पट्टी उचलली. "या, या, इकडून सुरुवात करू. हे अमेरिकेचं वाळवंट."

"सर, तुमी दगड फोडला नं आमचा पानी पळाला," फागी म्हणाली. "तो आना."

सरने पट्टी खाली घेतली. घसा साफ केला. आणि मग जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "बाई, देश मोठा होतो तेव्हा कोणाला तरी थोडी झळ सोसावी लागते."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना राग आला असं मला दिसलं नाही. लहान पोर भलतंच काही बोललं की मोठी माणसं बघतात, तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग फागी वाळूच्या परातीला टेकून खाली बसली. सगळ्या बसल्या. हंडे मांडून, भिंतीला पाठ लावून, कापसाच्या ढगाखाली. संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. बाजारातली माणसं दारात जमली. सर म्हणाला, "यांना समजाव." मी म्हटलं, "मला भूगर्भशास्त्र कळत नाही," आणि फागीच्या शेजारी जाऊन बसले. तो मागच्या दाराने घरी गेला.

भाऊंच्या कानावर गेलं. मतं जातील म्हणताच त्यांना दुसऱ्या दिवशीच टँकर सापडला. त्यावर त्यांच्या नावाचं कापड लावलं, फोटो काढला, आणि गोदाम रिकामं करा म्हणून सरला निरोप पाठवला. वाळू नाल्यात गेली. ढगाचा कापूस कोणीतरी उशा भरायला नेला. गोदामात पावसाआधी खताच्या गोणी आल्या. पावसाळ्यानंतर मोहपाड्याचं पाणी पुन्हा फुटलं, पण पार खाली, दरीच्या तोंडाशी, जिथे उतरताना फागीसारखीलाही झाडाचं मूळ धरावं लागतं. आजही तिथूनच भरतात.

सरला कोणी जाब विचारला नाही. चंद्राला मात्र पोलीस चौकीत बसवून ठेवलं होतं, बिनपरवाना कांड्या वापरल्या म्हणून. सर साक्षीलाही गेला नाही. पुढे तालुक्याने सरला आदर्श शिक्षक केला. शाल, नारळ आणि विज्ञान प्रसारासाठी म्हणून मानपत्र.

मी मोखाड्याला बदली मागून घेतली. दवाखान्याच्या मागे क्वार्टर मिळालं, मुलगी माझ्याबरोबर आली. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. भांडायला समोरच्याला मोजावं लागतं. लोक विचारतात, सर एकटेच जव्हारला कसे? मी म्हणते, शाळा असते.

शनिवारी तो एसटीने येतो. मी जेवायला वाढते. तो मोठ्याने बातम्या लावतो, मी आवाज कमी करायला सांगते, आणि तो करतो.