पलीकडच्या ओहळावरची गोधडी

१२ ऑक्टोबर, रविवार. काम – दिवाळीआधी गोधड्या धुणे.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. अमावस्येला नवीन मिक्सर घेऊन येणारी बाई मी. तरी लिहितेय, कारण घरात हा विषय काढला की हे टीव्हीचा आवाज वाढवतात.

आम्ही डहाणूला, मसोलीत राहतो. जाड गोधडी मशीनमध्ये घातली की मशीन नाचत बाथरूमच्या दाराशी येतं, म्हणून दरवर्षी मी तलासरीकडे नणंदेच्या घरी जाते. रंजूच्या घरामागेच ओहळ आहे. जागा नीट समजून घ्या – मध्ये सागाची टेकडी. अलीकडून रंजूचा ओहळ उतरतो, पलीकडून दुसरा. खाली पुलाजवळ दोन्ही मिळतात आणि तिथून पुढे नदी. पलीकडच्या ओहळावर, बरंच वर, माझ्या सासूबाईंचं माहेर.

यंदा आईंनाही सोबत नेलं होतं. हल्ली त्यांना नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण एक धोशा कायम – "मला एकदा माहेरी ने गं." वरचा रस्ता खडीचा, त्यांचे गुडघे असे... "दिवाळी होऊ दे, मग बघू," असं मी म्हणायचे.

नेमकी त्यांचीच गोधडी खडकावरून सटकली. मी पाण्यात उतरेपर्यंत वळणापलीकडे गेलीसुद्धा. रंजू आणि मी काठाने थेट पुलापर्यंत शोधत गेलो. नाही म्हणजे नाही. त्या गोधडीशिवाय आईंना झोप लागत नाही.

परत येऊन सांगितलं. आई ओटीवर शांत बसलेल्या.

"गेली असेल माहेरी. तिथे बघ."

"आई, पाणी वर चढत नाही."

"पाण्याचं कोण बोलतंय?"

रंजू हसत सुटली. "वहिनी, जाऊन ये बाई. मी थांबते इथे. नाहीतर रात्रभर तुलाच जागवेल."

गेले. टेकडीच्या माथ्यावर वारा पडला होता. दोन्हीकडून पाण्याचा आवाज येत होता, अगदी सारखा... कुठला ओहळ कुठला, क्षणभर कळेना. सागाची पानं हलत नव्हती. मला झोप आल्यासारखं झालं, पण पाय चालत होते.

पलीकडे उतरले, तर सपाट खडकावर गोधडी पसरलेली. चारी कोपरे सरळ. कोरडी, उन्हाने गरम. कडेचा यांच्या जुन्या शर्टाचा तुकडा मीच शिवलेला, त्यामुळे दुसऱ्या कोणाची असण्याचा प्रश्नच नाही.

तेवढ्यात आईंच्या भाच्याची बायको शेतातून वर आली, हातात विळा.

"वहिनी! आत्याबाई कुठायत?"

"ही कोणी वाळत घातली?"

"तुम्हीच ना? भात कापताना गोधडी दिसली, म्हटलं आत्याबाई आल्या. चहा टाकायला पळत आले."

तिच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. कोणी उचलून नेली म्हणावं, तर ओली गोधडी मला नि रंजूला मिळूनही हलत नाही. आणि वाळली कशी, एवढ्यात?

गोधडी आईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती चाचपली.

"चहा घेतलास का तिथे?"

मी चहाचं कोणाला बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा बोलावली. खडी तर खडी. आईंना गोधडीसकट आत बसवलं. अंगणात दांडीवर बाकीच्या गोधड्या होत्या, जाता जाता हात लावून पाहिला. सगळ्या ओल्या.

"आई, पाय आत घ्या," म्हटलं, आणि निघालो.