घाबरू नका, कुणी गेलेलं नाही

ग्रामपंचायतीत नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते कपाटावरच्या जुन्या फायलींसारखे आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात! मी आमच्या ग्रामपंचायतीची कॉम्प्युटर ऑपरेटर. माहेर बारामतीचं, सासर इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या थोडं अलीकडं. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचं आहे.

दाखले काढणं हे माझं काम. पण गाव मला ओळखतं ते आवाजावरून. ऑफिसात एक माइक आहे, मागच्या फळीवर मशीन आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीवर चार कर्णे. पाणी उशिरा येणार, लाईट जाणार, जनावरांचे डॉक्टर आलेत, हे सगळं स्पीकरवर मीच सांगते. आणि कुणी गेलं तर तेही.

*

नोकरीचा पहिलाच आठवडा. पोलिओ डोसचं सांगायचं होतं. मी बटण दाबलं, माइक तोंडाजवळ घेतला आणि माझी वाचाच बसली! शाळेत असताना मी साधी कविता म्हणायलासुद्धा कधी उभी राहिले नव्हते. अर्धं मिनिट तरी कर्ण्यातून नुसती खर्रर्र अशी खरखर गेली असेल.

त्या अर्ध्या मिनिटात गावात काय झालं ते मला नंतर कळलं. आमच्याकडं अवेळी स्पीकर खरखरला की माणसं हातातलं काम टाकून उभी राहतात. कुणाचं ना कुणाचं माणूस बारामतीच्या दवाखान्यात असतंच. तेव्हा सुशीलाकाकूंची सासू ॲडमिट होती. काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाचा हात तसाच कपाळाला लावला आणि गळा काढला. शेजारच्या चौघी धावत आल्या, त्यांनीही सूर धरला. आणि तेवढ्यात मी बोलले, "पाच वर्षांच्या आतल्या बाळांना..."

दहा मिनिटांत काकू ऑफिसात. कपाळावर पीठ तसंच! म्हणाल्या, "दोन थेंबासाठी एवढं रडवलंस व्हय गं मला?"

त्या दिवसापासून मी सुरुवातच अशी करते, "घाबरू नका, कुणी गेलेलं नाही." मग पुढचं.

लोकांना हे फार पटलं. मलाही आपण काहीतरी शहाणपणाचं केलं असं वाटलं. मग एका सकाळी खरंच एकाच्या जाण्याचं सांगायची वेळ आली. मी म्हणाले, "ग्रामस्थांना कळविण्यात येतं की..." आणि खिडकीतून बघते तर समोरच्या हॉटेलातली सगळी माणसं कप खाली ठेवून उठलेली! अजून नावसुद्धा घेतलं नव्हतं. फक्त ते एक वाक्य म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून माइक हातात घेतला की सांगायचं ते मी आधी दोनदा मनात म्हणून बघते. आपल्या तोंडातून काय निघतंय यावर एवढी माणसं श्वास रोखून बसतात, ही काही चांगली गोष्ट नाही.

*

माझ्या आधी तीस वर्षं हे काम तात्यांकडं होतं. तात्या म्हणजे ग्रामपंचायतीचे जुने शिपाई. रिटायर झाले, पण सवय रिटायर झाली नाही. रोज दहाला यायचं, मशीनच्या फळीजवळ खुर्ची ओढायची, पेपर वाचायचा आणि माझ्या चुका काढायच्या. डोक्यावरची पांढरी टोपी ते कधी काढत नसत. लाईट गेलेली, घाम मानेवरून ओघळतोय, तरी टोपी जागच्या जागी!

"पोरी, मयताचं नाव दोनदा घ्यायचं," ते मला सांगायचे. "एकदा कानाला, एकदा काळजाला."

एकदा मी विचारलं, "तात्या, तीस वर्षांत तुमचं कधी चुकलं नाही?"

"मयतात कवाच न्हाय," तात्या म्हणाले. "लग्नात चुकलं. एकदाच."

आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपर उलटा होता.

*

ते लग्न कसं झालं ते पुढं सांगते. आधी माझी चूक सांगते, कारण गावात अजून तीच चालते.

आमच्या ऑफिसला लागून पिठाची गिरणी आहे. ती चालू असली की आत बसलेल्याला बाहेरचं काही ऐकू येत नाही. कर्णे तर लांब टाकीवर. त्या दिवशी मी पाण्याचं सांगितलं आणि मशीन बंद करायचं राहिलं. तेवढ्यात आईचा फोन आला. मी मोकळेपणानं म्हटलं, "सगळं बरंय गं, पण सासूबाईंची भाकरी अजून घशाखाली उतरत नाही. जाडजूड!"

दुपारी घरी गेले. सासूबाईंनी ताट वाढलं. ताटात नुसता भात. वर म्हणाल्या, "खा बाई. ह्यो घशाखाली उतरंल."

आठ दिवस भात खाल्ला!

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मशीनवर स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली. 'लाल दिवा बघणे. दिवा चालू म्हणजे गाव ऐकतंय.'

*

मागच्या वर्षी कॅनॉलच्या कडेच्या उसात बिबट्या दिसला. वनखात्याचा फोन आला, लगेच सूचना द्या. माझे मालक त्याच शिवारात उसाला पाणी द्यायला गेलेले आणि फोन लागत नाही! मी माइक हातात घेतला. 'घाबरू नका' म्हणायची सवय, पण तोंडातून शब्द निघेना. कशीबशी म्हणाले, "बिबट्या दिसला आहे. कुणीही एकट्यानं उसाकडे जाऊ नये."

पाच मिनिटांत गावातल्या सगळ्या मोटरसायकली कॅनॉलच्या दिशेनं! मालक त्यातल्याच एका गाडीवर मधे बसून परत आले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग मी गाडीवाल्याला झापलं, "सूचना ऐकली नाही का? जाऊ नका म्हटलं होतं ना!"

तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुमी म्हणला एकट्यानं जाऊ नका. आमी समदी मिळून गेलो!"

*

आता ते लग्न. तात्यांच्या नातीचं. मी त्या मांडवात होते, त्यामुळं हे ऐकीव नाही.

आमच्याकडं मंगलाष्टकांच्या आधी माइकवर पाहुण्यांची नावं घेतात. ज्याचं नाव निघेल त्यानं पुढं यायचं, फेटा बांधून घ्यायचा. ज्याचं नाव राहील तो माणूस जेवणावर पाणी सोडून जाणार, हे ठरलेलं. म्हणून माइकवरचा माणूस लग्नघरात नवऱ्या मुलीच्या बापापेक्षा जास्त घामाघूम असतो. इथं माइकवर खुद्द तात्या.

तात्यांनी सगळ्यांची नावं घेतली. सरपंच, माजी सरपंच, कारखान्याचे संचालक, ट्रॅक्टरच्या शोरूमचे मालक, दोन डॉक्टर. मांडववाल्याचंसुद्धा नाव घेतलं! आणि पहिल्या रांगेत, इस्त्रीचं धोतर नेसून, मान ताठ करून बसलेल्या आबांचं राहिलं. आबा म्हणजे तात्यांचे सख्खे धाकटे भाऊ. प्रत्येक नावाला ते खुर्चीतून थोडे उठायचे आणि परत बसायचे. मला ते अजून दिसतं आणि अजून वाईट वाटतं.

अक्षता पडल्या तसे आबा उठले. तात्या मागं धावले. "अरं, घरच्या माणसाचं काय नाव घ्यायचं?"

"घरचा हाय व्हय मी?" आबा ओरडले. "मांडववाल्याच्या मागनंबी माझं नाव न्हाय? आता तुझ्या दारात पाय ठेवीन त्यो मयतीलाच!"

दोनशे माणसांसमोर बोललेला शब्द. आमच्याकडं असा शब्द मागं घेत नाहीत. सहा वर्षं झाली. तात्या गावात, आबा कॅनॉलच्या पलीकडं वस्तीवर. दिवाळी नाही, बारसं नाही. दोनदा तात्या वस्तीवर गेले, दोन्ही वेळा आबा मागच्या दारानं उसात गेले.

*

यंदा उन्हाळ्यात तात्यांच्या छातीत दुखलं. बारामतीला तपासलं. डॉक्टर म्हणाले, बायपास लागेल, पुण्याला न्या.

त्यानंतर एक नवीनच प्रकार सुरू झाला. मी स्पीकरवर काहीही सांगितलं की दोन मिनिटांत मला फोन.

"पोरी, आबा बोलतुय. वारं उलटं हाय, वस्तीवर नीट आलं न्हाय. काय सांगितलंस?"

"लसीकरण आहे आबा, शाळेत."

"मंजी... मयत न्हाय ना कुणाची?"

"नाही आबा."

"बरं." फोन बंद.

कधी मी विचारायची, "तात्यांना काही निरोप देऊ का?" तोवर फोन बंद झालेला असायचा. आणि मागं खुर्चीत बसलेले तात्या पेपरमागून विचारायचे, "कुणाचा फोन?"

मी सांगायची. तात्यांचा पेपर नुसता हलायचा. दोन म्हातारे, मधे एक कॅनॉल आणि त्यांच्या मधे मी, हातात माइक घेऊन. मला तर रात्री त्या खरखरीची स्वप्नं पडायला लागली होती.

*

सोमवारी पुण्याला ऑपरेशन. शनिवारी सकाळी तात्या नेहमीसारखे दहाला आले. गिरणी जोरात चालू होती. त्यांनी खिशातून एक कागद काढला. नातीच्या लग्नपत्रिकेची मागची कोरी बाजू, त्यावर त्यांचं अक्षर.

"हे वाचून दाखीव. माइकसमोर बसून, जसं सांगतीस तसं."

मी कागद वाचून पाहिला. ते तात्यांच्या स्वतःच्या जाण्याचं होतं!

"तात्या, काहीतरीच काय! मी नाही वाचणार."

"पोरी, तीस वर्षं समद्यांचं सांगितलं. माझं कसं सांगणार ते मला ऐकायला मिळणार हाय का? सोमवारी काय हुईल कुणाला ठावं. म्हाताऱ्याचं एवढं ऐक."

मला नाही म्हणवेना. "मशीन बंद आहे ना?" मी विचारलं. मशीन माझ्या मागं, त्यांच्या खुर्चीजवळ. मी वळून बघितलं. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली होती आणि मशीनवर ठेवली होती.

"मी बघितलंय. तू वाच."

मी कागद पुढं धरला. "तात्या, तुमचं नाव एकदाच लिहिलंय. दोनदा घ्यायचं ना?"

"हाय तसं वाच."

मी वाचलं. "कळविण्यास दुःख होतं की, ग्रामपंचायतीचे माजी शिपाई नारायणतात्या यांचं निधन झालं आहे. त्यांच्या मागे धाकटे बंधू श्रीयुत बापूरावआबा, पुन्हा सांगते, धाकटे बंधू श्रीयुत बापूरावआबा, पत्नी, मुलगा, सून आणि नातवंडं असा परिवार आहे."

तात्या डोळे मिटून ऐकत होते. "झ्याक वाचलंस," म्हणाले.

दार धाडकन उघडलं. पुढं सुशीलाकाकू, मागं हॉटेलवाला, त्याच्या मागं निम्मी गल्ली. तात्यांना खुर्चीत बघून सगळे आ वासून उभे राहिले. मग सगळे माझ्यावर तुटून पडले. "परत चालूच ठिवलंस व्हय?" "अगं, जिता माणूस मारलास!" मी शपथा घेतल्या, मी बटणाला हातसुद्धा लावला नव्हता! कोण ऐकतंय? भाकरीचा किस्सा सगळ्यांना तोंडपाठ.

तात्या मात्र खिडकीतून कॅनॉलच्या रस्त्याकडं बघत बसले होते. इतक्यात माझा फोन वाजला. तात्यांच्या घरून त्यांच्या पत्नी बोलत होत्या. "पोरी, यांना लावून दे लवकर. आबा आल्यात. उंबऱ्यात बसून रडत्यात. मी सांगतीया आत्ता चहा पिऊन गेल्यात, तर ऐकायलाच तयार न्हाईत!"

तात्या उठले. मशीनवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. टोपीखाली लाल दिवा लागलेला होता. त्यांनी बटण बंद केलं आणि चालायला लागले. मी मागं मागं.

आबा तात्यांच्या उंबऱ्यावर बसले होते, टॉवेल तोंडाला लावून. समोर तात्या उभे राहिले तसं आबांनी वर बघितलं. खूप वेळ बघितलं.

"मेला न्हाईस व्हय?"

"न्हाय बा. पोरीच्या हातनं चुकून बटण ऱ्हायलं."

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

आबांनी डोळे पुसले, धोतर झटकलं. "मी मयतीलाच आलुय. शब्द मोडला न्हाय मी."

"व्हय तर. समद्या गावानं बघितलं."

आबा उंबऱ्यावर थोडे सरकले. मग म्हणाले, "माझं नाव दोनदा घेतलं."

"दोनदाच घ्यायचं असतंय."

"मंग तुझं एकदाच का?"

"दुसऱ्यांदा घ्यायचं का न्हाय, ते सोमवारी डॉक्टर ठरवणार," तात्या म्हणाले.

आबांनी टॉवेलची घडी घातली. उलगडली. परत घातली.

"सोमवारी गाडी किती वाजता निघणार हाय?"