आणि पार्टी

आमच्याकडे कॅसेटच्या कव्हरवर मुख्य गायकाचं नाव ठळक अक्षरांत असायचं आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'आणि पार्टी'. पार्टी म्हणजे मागे बसून गायकाची ओळ उचलत झील धरणाऱ्या पाच-सहा बाया, टाळीवाले, ढोलकीवाला, बेंजोवाला. हे दोन शब्द मी स्वतःच्या हाताने किती कॅसेटींवर लिहिले असतील त्याचा हिशेब नाही. उत्तर नागपुरात, विहारामागच्या गल्लीत माझं माइक-स्पीकरचं दुकान होतं. जयंतीच्या, लग्नांच्या, वस्तीतल्या सगळ्या कार्यक्रमांना माइक माझेच. मिक्सरला टेपरेकॉर्डर जोडून मी गाणी उतरवून घ्यायचो. कोणी सांगितलं नव्हतं, मलाच हौस होती. नावं लिहायचा मात्र तेव्हाही कंटाळा होता.

दुकान विकल्यावर घरात दोन पेट्या कॅसेटी उरल्या. त्या कॉम्प्युटरवर चढवायला घेतल्या तेव्हा मी एकच हट्ट धरला, की एमपीथ्री करायची नाही, फ्लॅकच करायची. एमपीथ्रीत आवाज दाबून लहान करतात, आणि दाबायची वेळ आली की लांबचा, बारीक आवाज आधी मरतो. फ्लॅकमध्ये काही कमी होत नाही, जसं टेपवर आहे तसंच्या तसं राहतं. माझ्या बायकोने विचारलं, एवढी जागा कशाला अडवता? मी म्हणालो, मागच्या लोकांचे आवाज राहिले पाहिजेत. बोलायला मी पहिल्यापासून पुढे.

आता प्रत्येक फाइलीच्या पोटात गाण्याची माहिती लिहायची सोय असते. गाणं कोणतं, कोणी गायलं, कुठे गायलं. त्याला टॅग म्हणतात. सुरुवातीला मी बटणांचा एक देखणा प्रोग्राम वापरला. त्याने माझ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं करून टाकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मी माऊस भिंतीवर फेकला. माझा स्वभाव आहे तसा, लपवून काय करू! मग छप्पन्नाव्या वर्षी काळ्या पडद्यावर कमांड लिहायला शिकलो. चित्र नाही, बटण नाही, एक ओळ टाइप करायची आणि एन्टर मारायचा. मेटाफ्लॅक नावाचा एवढासा प्रोग्राम, पण काय इमानी! सांगितलं तेवढंच करतो, नखरे नाहीत. आवाजाला हातही न लावता फक्त नाव लिहितो. मी त्याच्या प्रेमातच पडलो. 'नक्की ना?' असं तो विचारत नाही, हा त्याचा गुण आहे असंही मला तेव्हा वाटायचं.

अशात एका रविवारी बुटीबोरीहून एक बाई आली. तिशी उलटलेली, सूतगिरणीत कामाला, सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून आलेली. दारातच म्हणाली, "काका, तुमच्याजवळ माह्या मायचा आवाज हाये म्हनते."

तिची आई पार्टीत झील धरायची. ही तीन वर्षांची असताना ती दुखण्यात गेली. घरात आईचा लग्नातला एक फोटो होता, त्यातही तिने मान खाली घातलेली. आवाज कसा होता ते सांगणारं माहेरी आता कोणी राहिलं नव्हतं.

मी लगेच मावशीला फोन लावला. मावशी दोन गल्ल्या सोडून राहते. सत्तरी ओलांडलेली, सगळी नोकरी दवाखान्यात आया म्हणून केलेली आणि वीसेक वर्षं त्याच पार्टीत मागे बसून गायलेली. माझी नात्याने कोणी नाही, पण सगळी वस्ती तिला मावशीच म्हणते. मी तिच्या आईचं नाव सांगून विचारलं, ही पार्टीत होती का? "होती ना, दोन वर्सं होती," मावशी म्हणाली आणि कोणती दोन वर्षं तेही तिने सांगितलं. पुढे ती काही सांगणार होती, पण मी घाईत फोन ठेवला.

त्या दोन वर्षांच्या माझ्याकडे त्रेचाळीस फाइली होत्या. मी एक कमांड अशी लिहिली, की एकेक फाइल उघडायची आणि 'परफॉर्मर' या रकान्यात तिच्या आईचं नाव टाकायचं. एन्टर मारला आणि पापणी लवायच्या आत त्रेचाळीस फाइलींत नाव चढलं. बाई बघतच राहिली. मीही छाती फुगवून बसलो.

मग तिने साधाच प्रश्न विचारला. "यातली माही माय कोनती?"

माहीत नाही म्हणायला काय लागत होतं? पण एवढी जादू दाखवल्यावर ते माझ्याच्याने म्हणवेना. रामटेकच्या कार्यक्रमातलं एक गाणं मला आठवलं. त्यात गायकाची ओळ संपली की मागून एका बाईचा आवाज एकटाच वर चढतो. लखलखीत आवाज आहे. मी अंदाज ठोकला. म्हणालो, हीच. त्या फाइलीच्या 'कॉमेंट'च्या रकान्यातही मी तसं लिहिलं, मिनिट-सेकंदासकट. बाईने पदर तोंडाला लावून ते पाच वेळा ऐकलं आणि पेन ड्राइव्ह जपून पर्समध्ये ठेवून गेली.

दोन महिन्यांनी ती पेढे घेऊन परत आली. त्या दिवशी मावशी माझ्याकडेच बसली होती. चहा चालू असताना बाईचा फोन वाजला आणि रामटेकचा तो एकटा, वर चढणारा आवाज खोलीत घुमला. तिने त्याची रिंगटोन करून घेतली होती. मावशीने बशी खाली ठेवली.

"ऐका मावशी," बाई म्हणाली, "माही माय."

मावशीने डोळे मिटून ओळ शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "चांगली गायली." बाई बसला गेली, मी दार लावलं आणि मागे वळलो तर मावशी कमरेवर हात ठेवून उभी.

"काहून गा, आवाज माहा अन् नाव तिचं? कोनाले इचारून लिहिलं?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. मी चाचरत म्हणालो, "चुकलं मावशी. आत्ताच्या आत्ता तुमचं नाव टाकतो. पन पोरीले सांगू नका. खुश हाये ते."

"माह्या नावाचं काय घेऊन बसला?" मावशी कडाडली. "ते पोट्टी जलमभर माह्या गळ्याले माय म्हनत राहील, चालन तुले? मंग तिची माय कुठी गेली?"

वीस वर्षांत मावशीला एकटीने गायला मिळालेली ती एकच ओळ होती, हे मला नंतर कळलं. तेही मीच खोदून विचारलं म्हणून. त्या दिवशी तिने स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाली, उद्या दुपारी येते, सगळं ऐकव.

ती आठ दिवस रोज दुपारी आली. एका हातात चष्म्याचं घर, दुसऱ्या हातात साखरेच्या गोळ्यांची डबी. कॉम्प्युटरकडे तिने एकदाही पाहिलं नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची. "थांब. मागं घे. इथं बाया किती हायेत?" मी म्हणायचो, चार असतील. "पाच. हिले खोकला होता, पाह्य, ओळ अर्धी सोडते. ही उशिरा उचलते, ते ढोलकीवाल्याची बायको. अन् ह्या बांगड्या वाजून राहिल्या, ते टाळीवाली." मी तीस वर्षं स्वतःला साऊंडवाला म्हणवून घेतलं. माझ्या कानांना तिथे एकच गोळा ऐकू येत होता. ती मात्र त्यातून एकेक बाई हाताला धरून बाहेर काढत होती. मी इतका थक्क झालो की भांडायचंच विसरलो.

ती नाव सांगायची आणि मी कमांड लिहायचो. या टॅगमध्ये एक चांगलं आहे, 'परफॉर्मर' हा रकाना कितीही वेळा लिहिता येतो. एक नाव टाकलं म्हणून आधीचं पुसलं जात नाही, खाली नवी ओळ तयार होते. कव्हरवर बोटभर जागा होती म्हणून मी 'आणि पार्टी' लिहीत होतो. इथे सात नावं घाला, सतरा घाला. पण चुकीचं नाव काढायचं तर ते शोधून वेगळ्या कमांडने काढावं लागतं, आपोआप जात नाही. मी त्रेचाळीस फाइलींत घातलेलं नाव एकेक करून तपासावं लागलं. त्यातल्या सतरांत त्या बाईची आई नव्हतीच. या लेकीच्या वेळी पोटुशी होती म्हणून मधले काही महिने घरी होती, आणि शेवटी दुखणं आलं. हेच मावशी मला फोनवर सांगणार होती.

लिहून झालं की मावशी मला सगळी नावं मोठ्याने वाचायला लावायची. एखाद्या ठिकाणी कान देऊन देऊन शेवटी म्हणायची, "मले पक्कं नाही. नको लिहू." तिथे मी जागा रिकामी ठेवली. अशा अकरा जागा अजून रिकाम्या आहेत. एका दुपारी तिच्या नकळत मी रामटेकच्या फाइलीतली ती खोटी कॉमेंट काढली आणि मावशीचं नाव घातलं. वाचताना ते आलं तेव्हा ती म्हणाली, "बरं, राहू दे."

बाईची आई सव्वीस गाण्यांत सापडली. पण सापडली म्हणजे मावशीला. "ऐक ना, खाली हाये. सतरंजीसारखा गळा खाली अंथरला हाये तिनं." मी हेडफोन लावला, आवाज वाढवला, काही कळेना. जाड, घोगऱ्या गळ्याची बाई. सगळ्यांच्या खालून गायची, एकटी कधीच नाही. मला ऐकू येत नव्हतं ते लेकीला कसं ऐकवायचं? मावशीने थोडा विचार केला आणि विचारलं, "गान्याच्या मधातलं बोलनं कुठी गेलं?"

"कापलं," मी म्हणालो. "दोन गाण्यांच्या मधात काय असते? गडबड."

"काहून कापलं गा? तिथंच तं आमी बोलत होतो!"

माझं डोकं भणभणलं. नशीब माझं, की कॅसेटच्या आख्ख्या बाजू उतरवलेल्या मूळ फाइली मी आळसापायी पुसल्या नव्हत्या. आम्ही परत पहिल्यापासून बसलो. या वेळी गाणी पळवत होतो आणि मधली गडबड ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी सावनेरच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या बाजूला मावशीने हात वर केला. "हीच," ती म्हणाली आणि डोळे पुसले. मी तेवढा तुकडा वेगळा काढला. सात सेकंद होते. त्या फाइलीत परफॉर्मरच्या ओळी दोनच, तिच्या आईची आणि मावशीची.

पुढच्या रविवारी बाईला बोलावलं. सांगायचं काम माझंच होतं. मी सरळ सांगितलं की मला माहीत नव्हतं, मी ठोकून दिलं, तो आवाज तुझ्या आईचा नाही. तिचा चेहरा उतरला.

"मंग कोनाचा हाये?"

"माहा," मावशी म्हणाली.

बाई माझ्याकडे वळली. "काका, मी माह्या पोराईले ऐकवलं. आजी म्हनून ऐकवलं." तिने पर्स उचलली. आयुष्यात मी पुष्कळांशी भांडलो, पुष्कळांची माफी मागायची राहिली. पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी तसं तिला म्हणालोही. ते तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

मावशीने तिचा हात धरला. "बस. आता तुही माय ऐकून जाय. गानं नाही ते. साधं बोलनं हाये."

मी फाइल लावली. टाळ्या थांबत आलेल्या, ढोलकी चढवतानाची टकटक, कोणीतरी माइकवर फुंकर मारतं. मग अगदी जवळून एक जाड, दमलेला आवाज विचारतो, "पोट्टी झोपली का वं?" आणि मावशीचा तेव्हाचा आवाज सांगतो, "झोपली, झोपली. तू पानी पी."

"माह्या मांडीवर होती तू," मावशी म्हणाली. "गान्यात जीव लागत नव्हता तिचा. दर गान्यानंतर हेच इचारे."

बाई रडली नाही. तिने पर्स खाली ठेवली, खुर्ची स्पीकरजवळ ओढली आणि पुन्हा लावा म्हणाली. मी पुन्हा लावलं. ती कान स्पीकरला टेकवून बसली आणि बोट वर करून आणखी एकदा अशी खूण केली. तिसऱ्या वेळी आईने विचारलं, "पोट्टी झोपली का वं?" आणि टेपवरच्या मावशीने उत्तर द्यायच्या आधीच ती हळूच म्हणाली, "नाही वं माय. जागी हाये मी."