स्तानोय्काचं स्थळ आणि विटोमिरचा मावा

स्तानोय्काचं बाशिंगबळच जड, असं अख्खं गाव म्हणायचं. गावातल्या प्रत्येक नवरीचा पोशाख तिने शिवला आणि स्वतः मात्र साठीला टेकली तरी बिनलग्नाची. स्थळं आली नाहीत असं नाही. पण तिचा भरवसा बुबामारावर, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके मिरवणाऱ्या त्या इवल्याशा किड्यावर. चेरी पिकायला लागली की तो बोटावर चढवायचा. उडेल त्या दिशेने नवरा येणार. बाकीच्या मुली हसून विसरून जात. ही बाई मानायची, आणि एकदा मानलं की ब्रह्मदेवाचं ऐकायची नाही.

आणि तो मेला दरवर्षी कुंपणापलीकडे विटोमिरच्या घेवड्यावर जाऊन बसायचा. विटोमिर शेजारचा ब्रह्मचारी, चार शब्द बोलायलाही मुहूर्त बघणारा. त्याच्या वाफ्यात घेवडा दिसायचाच नाही, नुसता काळा मावा, रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचा थर. असल्या आळशाशी कोण लग्न करणार? तिने पाठ फिरवून किडा सोडून पाहिला, वरून फुंकरही मारली. एकदा तर काडेपेटीत घालून तालुक्याला नेला, तर तिथे तो परतीच्या बसच्या काचेवर जाऊन बसला.

यंदा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. किडा मावा खातो. म्हणजे तो नवरा दाखवत नाही, जेवायला जातो! मावा धुतला की किडा खरं बोलेल, असं ठरवून ती साबणाच्या पाण्याची बादली घेऊन निघाली. या वयात आणखी वर्ष वाया घालवायची तिची तयारी नव्हती.

विटोमिर वाफ्यापुढे हात पसरून उभा राहिला.

"माव्याला हात लावायचा नाही."

"अरे, शेंग तरी मिळते का तुला यातून?"

"एकही नाही. बाजारातून आणतो." तो कानापर्यंत लाल झाला. "मावा मुद्दाम ठेवलाय. बाहेरूनही आणून सोडतो. तुझा किडा इकडेच यावा म्हणून."

स्तानोय्काने बादली खाली ठेवली. मग तिला मनापासून राग आला.

"एवढी वर्षं? तोंड नव्हतं का तुला?"

"होतं की. पण तू किड्याचंच ऐकतेस."

तिने साबणाचं पाणी वाटेवर ओतलं, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

"बोल आता," ती म्हणाली. "ऐकतेय."