गच्चीवरचं ऊन

बारामतीतल्या एका अपार्टमेंटची देखभाल माझ्याकडे आहे. पाण्याच्या मोटारी, टाक्या, लिफ्ट, जिन्यातले दिवे, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती, बिजागरीत कुरकुरणारी दारं, जे बिघडेल ते माझं. आयटीआयला वायरमनचं काम शिकलो आणि तेव्हापासून याच गावात हेच करत आलोय. घर इंदापूर तालुक्यातलं. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं, त्यानंतर वसवलेल्या गावठाणात माझा जन्म झाला. वडील, म्हणजे आबा, तिथंच राहायचे. शहरात त्यांना करमायचं नाही.

आमच्या इमारतीला एक मोठी, मोकळी गच्ची होती. होती म्हणजे अजूनही आहे, पण आता तिला गच्ची म्हणायला जीभ वळत नाही.

उन्हाळ्यात ही गच्ची बायकांची असायची. पापड, सांडगे, बटाट्याचा कीस, आणि सगळ्यांत मानाच्या म्हणजे कुरडया. कुरडयांचं सगळं शास्त्र पहिल्या मजल्यावरच्या चाचींकडं. चाचींचं बाजारात भांड्यांचं दुकान. चाचा गेल्यावर दुकान मुलगा बघायला लागला आणि चाची घरी बसल्या. पण बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. होळी झाली की त्या गहू भिजत घालायच्या. तो आंबूस वास जिन्यात पसरला की इमारतीतल्या बायका आपापले डबे काढायच्या. चीक कुणाचाही असो, शिजवताना चाची पाहिजेत. पळीला चिकटलेला चीक बोटानं चाखून त्या सांगायच्या, "अजून जरा." मग पाचेक घरच्या बायका पहाटेच गच्चीवर जायच्या, जुनी धोतरं अंथरायच्या आणि सोऱ्यानं कुरडया घालायच्या. पाणी सोडायला मी वर गेलो की हातावर गरम चीक यायचाच. वर तीळ, थोडी साखर. नाश्ता तिथंच व्हायचा.

चाचींचे गुडघे दुखायचे, म्हणून चिकाचं पातेलं घेऊन त्या लिफ्टनं जायच्या. एका सकाळी त्या आत, पातेलं आत आणि लाईट गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मी पळत वरच्या मशिनखोलीत गेलो, ब्रेक सोडला आणि हातानं चाक फिरवत लिफ्ट दाराच्या पातळीला आणली. लिफ्ट अर्ध्यावर आल्यावर तारांच्या फटीतून खाली आवाज दिला, "चाची, घाबरू नका, आलोच."

"मी न्हाय घाबरले, भाऊ," आतून आवाज आला. "पण पातेलं आधी काढ. चीक गार झाला तर सोऱ्यातनं पडायचा न्हाय."

हा किस्सा नंतर सगळ्या इमारतीत फिरला. सोलरची गोष्ट निघाली तेव्हासुद्धा लोकांनी आधी त्याचीच आठवण काढली.

पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सोसायटीची मीटिंग झाली. चेअरमन बँकेतून रिटायर झालेले, सरळ माणूस. त्यांनी सगळं नीट मांडलं. मोटारी, लिफ्ट, बोअर, जिन्यातले दिवे, सगळं उन्हावर चालेल, सामाईक बिल जवळजवळ संपेल. पुढं इलेक्ट्रिक गाड्या येतील त्यांचंही चार्जिंग घरच्या घरी होईल. सोलर कंपनीचा इंजिनीअर आला होता, त्यानं लॅपटॉपवर गच्चीचं चित्र दाखवलं. चित्रात गच्ची निळ्या पाट्यांनी भरली होती. मला ते चित्र आवडलं होतं, हे सांगितलं पाहिजे. विजेच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या चित्राची भूल पडतेच. धूर नाही, आवाज नाही, डिझेलचा वास नाही.

तरीही मी हात वर करून विचारलं, "दक्षिणेकडची एक ओळ कमी केली तर? बायकांना वाळवणाला जागा राहील."

इंजिनीअर म्हणाला, "तिथंच तर सगळ्यांत चांगलं ऊन आहे. ती ओळ काढली तर बोअरच्या मोटारीपुरती वीज उरणार नाही. पाण्याच्या टाकीमागचा कोपरा मोकळा राहतोय की."

"टाकीमागं सावली असते," मी म्हणालो.

"म्हणूनच मोकळा राहतोय," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. खरं तेच त्यानं सांगितलं. पॅनेलला जे ऊन लागतं तेच कुरडईला लागतं. उरतं ते दोघांच्याही कामाचं नसतं.

चेअरमन बायकांकडं वळले. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी सगळ्यांच्या नजरा चाचींवर गेल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माझ्या कुरडयांपायी सगळ्यांचं काम अडायला नको. करा तुमी."

टाळ्या वाजल्या. ठराव झाला.

काम सुरू झालं आणि त्याच आठवड्यात आबांना बरं नव्हतं म्हणून मी गावी गेलो. बारामती-इंदापूर रस्ता माझ्या पायाखालचा, पण त्या दिवशी मी तो वेगळ्याच नजरेनं पाहत होतो. कारखान्याच्या चिमणीतून धूर निघत होता. तिथं उसाच्या चिपाडावर वीज तयार होते, आणि गाळपाच्या दिवसांत त्या चिमणीची काळी काजळी आसपासच्या दोरीवरच्या कपड्यांवर बसते. पुढं शेतात सोलर पंप दिसले, उन्हाकडं तोंड करून उभे. गावाजवळ धरणाचं पाणी लागलं. कोळशाचं काय होईल, धरणं किती पुरतील, उन्हावर सगळं भागेल का, असं बरंच डोक्यात येत होतं. आपल्याकडं ऊन काही कमी नाही. सुपे, कऱ्हाटीकडच्या माळावर तर ऊन सोडून दुसरं पीक नाही असं लोक गमतीनं म्हणतात.

आबा खाटेवर पडून होते. ताप उतरला होता. मी त्यांना गच्चीवरच्या कामाचं सांगितलं. मला वाटलं होतं ते नाक मुरडतील. पण ते उठूनच बसले.

"उन्हावर लिफ्ट चालणार?" त्यांनी विचारलं. "मग बेस हाय की. पाणी अडवायचं म्हनलं की गावं बुडवावी लागत्यात. ऊन कुणाला बुडवतंय?"

मग मी त्यांना कुरडयांचं सांगितलं, चाची काय म्हणाल्या तेही सांगितलं. आबांनी चाचींचे शब्द मला पुन्हा एकदा सांगायला लावले.

संध्याकाळी त्यांना जरा बरं वाटलं म्हणून आम्ही पाण्याकडं चालत गेलो. पाणी बरंच मागं हटलं होतं. काठावर भोयांच्या होड्या उपड्या घातल्या होत्या. या पाण्यावर तरंगती पॅनेलं बसवणार अशी गावात बोलाचाली चालू होती. तसं झालं तर जाळी कुठं टाकायची, या काळजीत मासेवाले होते.

आबांनी पाण्याकडं हात केला. "तितं आपलं घर हुतं. धरणाची वीज हुईल, समद्यांस्नी उजेड मिळंल, असं म्हनत हुते. ते खोटं न्हवतं. उजेड झाला, ऊस झाला. मी कवा धरनाला वाईट म्हनलो का?"

"नाही."

"उजेड वाईट नसतोय. पण आमाला नोटीस आली, मानूस न्हाय आला. दारात येऊन, बसून, पानी पिऊन कुणी इचारलं न्हाय की बाबा, तुझं काय काय जातंय. इचारलं असतं तरी गाव बुडायचंच हुतं. पण इचारायला पायजे हुतं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्या बाईला चार मानसांत इचारलंत तुमी. चार मानसांत कोण न्हाय म्हनंल?"

दुसऱ्या दिवशी बारामतीला आलो तो सरळ पहिल्या मजल्यावर गेलो. चाचींनी दार उघडलं, पाणी दिलं. मी बसलो, आबा काय म्हणाले ते सांगितलं आणि म्हणालो, "चाची, मीटिंगचं सोडा. मला खरं सांगा. तुम्हाला गच्ची पाहिजे होती का?"

त्या हसल्या. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"पायजे होती रे," त्या म्हणाल्या. "चाचा गेले तेव्हा मी चार भिंतीत कोंडून घेतलं होतं. गच्चीवर गेले, बायका भेटल्या, तेव्हा बाहेर आले. पण सगळ्यांम्होरं कसं म्हणायचं? इथं आमच्या समाजाचं एकच घर. उद्या कुणी म्हणायला नको की यांच्यामुळं अडलं."

"कुणी तसं म्हटलं नसतं."

"म्हटलं नसतं," त्यांनी मान्य केलं. "पण मला तसं वाटलं असतं."

मी तिथूनच चेअरमनकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. ते चपला घालून माझ्याबरोबर वर आले. गच्चीवर दक्षिणेकडच्या ओळीचे काँक्रीटचे ठोकळे पक्के झाले होते, लोखंडी सांगाडे बोल्टनं कसले होते, पॅनेलं भिंतीला टेकून उभी होती. चेअरमन त्या सांगाड्यांकडं पाहत उभे राहिले. "आधी कळलं असतं तर," ते म्हणाले. "मीच जायला हवं होतं त्यांच्याकडं." मग आम्ही दोघं खाली आलो.

सोलर सुरू झालं त्या दिवशी पेढे वाटले. नवं मीटर बघायला लोक आळीपाळीनं येत होते. मी लहान मुलांना सांगत होतो, बघा, आपण वीज वापरतोय आणि उरलेली लाईनीत परत देतोयही. मला अभिमान वाटत होता. तो खोटा नव्हता.

मग उन्हाळा आला. चाचींनी टाकीमागच्या कोपऱ्यात कुरडया घालून पाहिल्या. दुपारी टाकीची सावली सरकायची आणि संध्याकाळी पॅनेलांची यायची. कुरडया वरून कोरड्या दिसल्या पण आतून ओल्या राहिल्या, डब्यात भरल्यावर त्यांना बुरशी धरली. चाचींनी तो डबा कचऱ्यात रिकामा केला तेव्हा मी जिन्यात बल्ब बदलत होतो. मग त्यांनी माझ्या हातातला जुना बल्ब घेऊन तोही त्याच बादलीत टाकला.

त्याच उन्हाळ्यात भर दुपारी लाईट गेली आणि लिफ्ट थांबली. वर ऊन रणरणत होतं. लोक जिन्यात जमले. "आता कशी बंद पडली? सोलर आहे ना?" मलाही कळेना. फोन केला तेव्हा इंजिनीअरनं सांगितलं, लाईन गेली की ही यंत्रणाही आपोआप बंद होते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्याच विजेचा धक्का बसेल. रात्रंदिवस पाहिजे तर बॅटरी लागते. मीटिंगमध्ये त्यानं हे सांगितलं होतं, म्हणे. असेलही. आम्ही सगळ्यांनीच त्यातलं हवं तेवढं ऐकलं होतं. मी पुन्हा मशिनखोलीत गेलो आणि पूर्वीसारखंच हातानं चाक फिरवलं. आत अडकलेले एक काका बाहेर येताना घामानं भिजले होते. त्यांनी फक्त वर बोट दाखवलं आणि घरी गेले.

बॅटऱ्या स्वस्त होतील, मग तेही बसवू. मला त्यात शंका नाही. आणखी काही वर्षांनी कारखान्याची चिमणीही कदाचित थंड होईल. मी या सगळ्याच्या बाजूचाच माणूस आहे. आठवड्यातून एकदा पहाटे पॅनेलं धुतो, आणि गाळपाच्या दिवसांत कापडाला काजळी लागते तेव्हा वाटतं, हे लवकर संपावं. पण ऊन फुकट असलं तरी ते पडतं ती जागा कुणाची तरी असते, हे मला त्या गच्चीनं शिकवलं, आणि उशिरा शिकवलं.

पुढच्या वर्षी बायकांनी कुरडया दुकानातून आणल्या. पहाटे गच्चीवर जायचं कुणाला कारणच उरलं नाही. ज्या पाच घरांच्या बायका सोऱ्या फिरवत एकमेकींच्या घरातलं सगळं जाणायच्या, त्या आता लिफ्टमध्ये भेटल्या तर हसतात. चाची आधी सणावाराला लेकीकडं इंदापूरला जायच्या, मग महिना महिना राहायला लागल्या. लेकीच्या घराला अंगण आहे. शेवटी मुलानं दुकानाजवळ घर घेतलं आणि चाची कायमच्या इंदापूरला गेल्या. जाताना सामान उतरवायला मी होतो. टेम्पोत बसताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आबांना सलाम सांग. एकदा भेटवायचं होतंस मला." ती भेट घडवायची राहूनच गेली. आबा गेल्या वर्षी वारले.

चाचींच्या फ्लॅटमध्ये आता भाड्यानं एक जोडपं राहतं. दोघंही एमआयडीसीत कामाला. परवा सुट्टीच्या दिवशी ती पोरगी गाद्या घेऊन जिन्यात उभी होती.

"काका, गच्चीवर ऊन असेल ना? गाद्या टाकायच्या होत्या."

"ऊन आहे," मी म्हणालो. "जागा नाही."

ती गोंधळली. मी तिच्या हातातली एक गादी घेतली आणि तिला पार्किंगच्या मागं कंपाउंडच्या भिंतीशी नेलं. "इथं दुपारनंतर येतं," मी सांगितलं, "थोडाच वेळ असतं." तिनं भिंत हातानं झाडली आणि गाद्या टाकल्या. मग आम्ही दोघं ऊन यायची वाट बघत तिथं थोडा वेळ उभे राहिलो.