गणूने भरलेल्या पेट्या

गणू तांडेल म्हणजे आमच्या दुबईच्या गोदामातला सगळ्यात भित्रा माणूस. अल कुसैसच्या रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली की लगेच खिसा चाचपतो, ओळखपत्र आहे ना! तसा कामाला वाघ. हर्णैच्या बंदरावर बारा वर्षं मासळी बर्फात भरली. आता लांबच्या देशांच्या सीमेवरच्या निर्वासित छावण्यांना जाणारी मदत भरतो. तंबू, ब्लँकेटं, औषधं. कागदपत्रं माझ्याकडे असतात.

त्या दिवशी घटसर्पाच्या लशीच्या साठ पेट्या बारा वाजता विमानतळावर गेल्या. दोनच्या सुमारास गणू माझ्या टेबलाशी आला. चेहरा पांढराफटक.

"वासंतीताई, माझ्याकडनं घाण झाली."

सफा, आमची फार्मासिस्ट, पुढच्या खेपेसाठी बर्फाच्या पिशव्या टेबलावर मांडून बसली होती. "मॅडम, बर्फ क्यूं पिघला रही हो?" असं गणूने विचारलं, तेव्हा त्याला कळलं. पिशवी आधी थोडी वितळू द्यायची, आत पाणी हललं की मगच पेटीत ठेवायची. लस गोठली की वाया गेली. आणि या शहाण्याने बाहेरचं ऊन बघून फ्रीझरमधल्या पिशव्या थेट ठासल्या होत्या, वर दोन-दोन जास्तीच्या! मासळीला बर्फ जितका जास्त तितका बरा, एवढंच त्याला ठाऊक.

"किती पेट्या?"

"आठ. नायतर नऊ. कुठच्या त्या आठवत नाय."

पेट्या तपासल्या म्हणून खाली सही माझी होती, न बघता केलेली. खरं सांगते, गप्प बसावं असं आधी माझ्याच मनात आलं.

"कुणाला बोललास?"

"नाय. व्हिसा कॅन्सल करतील ना, ताई?" तो म्हणाला. "पण ती सुई पोरांना टोचतील. आयांना वाटंल, आता भ्या नाय."

मी फोन उचलला आणि साहेबांना सगळं सांगितलं. विमान पाचचं होतं. साहेबांनी दोघांनाही झाडलं, नोकरी तेवढी राहिली. नेमक्या कुठल्या पेट्या ते सांगता येईना, म्हणून साठच्या साठ उतरवल्या. विमान लशीशिवाय गेलं. पुढचं बारा दिवसांनी.

परत आलेल्या पेट्यांजवळ गणू उभा होता.

"ताई, या बारा दिवसांत तिथं एखादं पोर गेलं तर?"

मी त्याच्यावरच ओरडले, "यल्ला, चल लवकर, पेट्या आत घे!" आणि पुढचे बारा दिवस रोज सकाळी, चहाच्याही आधी, छावणीतून आलेली मेल मी भीतभीत उघडत राहिले.